न्यासपत्र न्यायालय निवडू शकते काय?

व्यापाराचे देणे घराच्या उंबरठ्याशी येऊ नये, ही प्रत्येक व्यापारी कुटुंबाची स्वाभाविक इच्छा असते. पेढी मालकाच्या नावावर, राहते घर त्याच्याच नावावर आणि बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमीही त्याचीच. अशा स्थितीत एका मोसमातील मंदी किंवा एका मोठ्या ग्राहकाने बुडवलेली उधारी तीन पिढ्यांची जमवाजमव हिरावून नेऊ शकते. म्हणून मालमत्ता कौटुंबिक न्यासात, म्हणजेच खासगी ट्रस्टमध्ये ठेवावी, असा सल्ला अनेकांना मिळतो. त्याबरोबर बहुधा एक आश्वासनही दिले जाते. न्यास अमुक ठिकाणी स्थापन केला आणि न्यासपत्रात ‘सर्व वाद अमुक न्यायालयातच चालतील’ असे कलम घातले, की धनकोचा हात तेथवर पोहोचत नाही, असे हे आश्वासन असते. ते कितपत खरे मानावे, याचे स्पष्ट उत्तर २ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले. भारतीय कायद्याचे उत्तरही त्याहून फारसे वेगळे नाही.

न्यासात तीन भूमिका असतात. मालमत्ता देणारा तो न्यासकर्ता, ती सांभाळणारा तो विश्वस्त आणि तिचा उपभोग ज्याच्यासाठी राखला जातो तो लाभार्थी. वडिलांनी अज्ञान नातवंडांसाठी मालमत्ता न्यासात ठेवली, तर त्यात कोणाला आक्षेप नसतो. प्रश्न उद्भवतो तो न्यासकर्ता स्वतःच लाभार्थी होतो तेव्हा. स्वतःची मालमत्ता स्वतःसाठीच न्यासात ठेवायची, तिचे उत्पन्न घेत राहायचे आणि धनको दारी आला की ‘ही मालमत्ता माझी नाही’ असे सांगायचे, याला इंग्रजी परंपरेतील न्यायालयांनी दीर्घकाळ मान्यता दिली नव्हती. ही चौकट प्रथम लहान बेटांनी मोडली. प्रशांत महासागरातील कुक बेटांनी १९८४ साली आंतरराष्ट्रीय न्यासांचा कायदा केला आणि १९८९ साली तो धनकोंसाठी अधिक कठीण केला. पुढे १९९७ साली अलास्काने असा न्यास अमेरिकेच्या भूमीवरच शक्य करून दिला. त्याच वर्षी डेलावेअरने आणि १९९९ साली नेवाडाने तोच मार्ग धरला. परराज्यातील धनिकांचा पैसा आपल्याकडील विश्वस्त संस्थांकडे यावा, ही त्यामागील व्यापारी दृष्टी उघड होती.

अलास्काच्या विधिमंडळाने आणखी एक तटबंदी उभारली. अशा न्यासाकडे झालेले हस्तांतरण धनकोंना फसविण्यासाठी होते, असा दावा करायचा असल्यास तो केवळ अलास्काच्याच न्यायालयात करता येईल, असे कायद्यात लिहिले. म्हणजे धनको कोणत्याही राज्यातला असो, त्याने दूरच्या अलास्कात जावे, तेथील वकील नेमावा आणि न्यासाला अनुकूल असलेल्या तेथील कायद्यानुसार लढावे, अशी ही रचना होती.

हे कलम प्रत्यक्ष कसोटीला लागले ते मोंटाना राज्यातील एका कौटुंबिक वादात. तेथील न्यायालयात एका कुटुंबातील व्यक्तींविरुद्ध पैशाचे निकाल झाले. त्यांपैकी शेवटचा निकाल होण्यापूर्वी, २०१० साली, कुटुंबातील दोन स्त्रियांनी दोन मालमत्ता अलास्कातील एका न्यासाच्या नावावर केल्या. विश्वस्त घरातलाच होता. धनकोंनी मोंटानाच्या न्यायालयात हे हस्तांतरण फसवणुकीचे असल्याचा दावा केला आणि तो एकतर्फी मंजूर झाला. दरम्यान त्या दोघींपैकी ज्येष्ठ स्त्रीने अलास्कातील संघीय न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तेथेही न्यासाच्या विरोधात निकाल लागला. तेव्हा विश्वस्ताने अलास्का राज्याच्या न्यायालयात धाव घेतली. असे दावे ऐकण्याचा अधिकार केवळ अलास्कालाच असल्याने मोंटानाचा आणि संघीय न्यायालयाचा, दोन्ही निकाल निरर्थक ठरतात, असे त्याचे म्हणणे होते.

अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. त्यासाठी त्याने १९१४ सालच्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला. अलाबामा राज्यात रेल्वे इंजिनाखाली शिरून दुरुस्ती करत असताना एक कामगार जखमी झाला होता. त्याने शेजारच्या जॉर्जिया राज्यात भरपाईचा दावा केला. अलाबामाच्या कायद्यानुसार असे दावे केवळ अलाबामातच चालू शकतात, असा कंपनीचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. एखादे राज्य दाव्याचा हक्क निर्माण करू शकते, परंतु तो दावा दुसऱ्या राज्याच्या न्यायालयाने ऐकू नये असे फर्मावू शकत नाही, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले. शंभर वर्षांनंतर अलास्कातील न्यायाधीशांनी तेच तत्त्व स्वतःच्या राज्याच्या कायद्याला लावले. राज्याचा कायदा संघीय न्यायालयाचा अधिकारही काढून घेऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. ही दुसरी बाब विशेष महत्त्वाची आहे. कारण अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, धनकोंना फसविण्याच्या हेतूने अशा स्वलाभाच्या न्यासाकडे केलेले हस्तांतरण १० वर्षे मागे जाऊन तपासता येते.

या निकालाने अलास्कातील न्यास बेकायदेशीर ठरला नाही, हे ध्यानात घ्यावे. न्यास करण्याची मुभा तशीच राहिली. नाकारले गेले ते एवढेच की, त्या न्यासाविषयी कोणी निवाडा करायचा, हे न्यास करणाऱ्याने किंवा त्याच्या सोयीच्या विधिमंडळाने ठरवावे.

मालमत्ता परदेशात गेली तरी माणूस मागे राहतो, हे कुक बेटांच्या न्यासांनी दाखवून दिले. तेथील कायदा परदेशी न्यायालयांचे निकाल मानत नाही आणि धनकोला फसवणूक सिद्ध करण्यासाठी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागतो. अमेरिकेतील एका दांपत्याने १९९५ साली आपला पैसा अशा न्यासात ठेवला होता. पुढे दूरध्वनीवरून चालवलेल्या एका फसव्या गुंतवणूक योजनेबद्दल सरकारी व्यापार आयोगाने त्यांच्यावर कारवाई केली. न्यायालयाने कुक बेटांतील पैसा परत आणण्याचा आदेश दिला. न्यासपत्रात अशा प्रसंगासाठी आधीच तरतूद होती. आदेश येताच बेटावरील विश्वस्त कंपनीने दांपत्याला सहविश्वस्तपदावरून दूर केले आणि पैसा देण्यास नकार दिला. ‘आमच्या हाती काही उरले नाही’ असे दांपत्याने न्यायालयास सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही. अवमानाबद्दल दोघांना काही महिने कोठडीत राहावे लागले. १९९९ साली अपील न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. न्यायालयाची सत्ता कुक बेटांवर चालत नव्हती, पण न्यायालयासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांवर ती पुरेपूर चालत होती.

भारतात हा विचार नवा नाही. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ४ मध्ये कोणत्या हेतूचा न्यास अवैध ठरतो, हे सांगताना काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतील एक उदाहरण जणू आजच्या मालमत्ता-संरक्षक न्यासाचेच आहे. आर्थिकदृष्ट्या बुडालेला मनुष्य आपली मालमत्ता दुसऱ्याकडे न्यास म्हणून सोपवतो. स्वतः जिवंत असेपर्यंत लाभ स्वतःला आणि पश्चात त्या दुसऱ्याला, अशी अट घालतो. नंतर तो नादार ठरतो. कायदा म्हणतो, त्याच्या स्वतःच्या लाभापुरता हा न्यास धनकोंच्या विरुद्ध अवैध आहे. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५३ आणखी व्यापक आहे. धनकोंना बुडविण्याच्या किंवा लांबणीवर टाकण्याच्या हेतूने केलेले स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण, ज्याचे नुकसान झाले त्या धनकोला रद्दबातल ठरवून घेता येते. असा दावा एका धनकोने केला, तरी तो सर्व धनकोंच्या हितासाठी करावा लागतो. प्रामाणिकपणे मोबदला देऊन मालमत्ता घेणाऱ्याला मात्र या कलमाचे संरक्षण आहे. न्यासाने बहुधा काहीच मोबदला दिलेला नसल्याने हे संरक्षण त्याला सहसा लाभत नाही.

हा दावा चालतो कोठे, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. सांगलीच्या हळद पेठेतील एका अडत व्यापाऱ्याने आपले सांगलीतील गोदाम आणि पुण्यातील सदनिका कौटुंबिक न्यासात घातली आणि न्यासपत्रात ‘सर्व वाद केवळ मुंबईच्या न्यायालयात चालतील’ असे कलम लिहिले, असे समजू. तामिळनाडूतील इरोडच्या ज्या व्यापाऱ्याचे त्याच्याकडे येणे आहे, त्याने या न्यासपत्रावर सही केलेली नाही. म्हणून ते कलम त्याला बांधत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ नुसार स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जेथे आहे तेथे करायचा असतो. मालमत्ता दोन ठिकाणी विभागलेली असल्यास कलम १७ दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात दाव्याची मुभा देते. म्हणजे इरोडच्या व्यापाऱ्यासाठी सांगली किंवा पुणे खुले आहे. प्रतिवादीने स्वतः एखादी कृती केल्याने संपूर्ण दाद मिळू शकत असेल, तर तो जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेही दावा होऊ शकतो. करारातील पक्षांनासुद्धा अधिकार नसलेल्या न्यायालयाला अधिकार बहाल करता येत नाही. अधिकार असलेल्या दोन न्यायालयांपैकी एक निवडण्याएवढीच मुभा त्यांना असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच सांगितले आहे. जो करारातच नाही, त्या धनकोला तर एवढेही बंधन नाही.

देणे कोणाचे, यावरूनही दार बदलते. बँकेचे येणे २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर वसुलीचा अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे जातो. गहाण ठेवलेली मालमत्ता नंतर न्यासात घातली, तरी गहाणाचा बोजा तिच्याबरोबरच जातो. तेथे न्यासाचा काही उपयोग होत नाही. पेढी कंपनीच्या स्वरूपात असेल आणि ती नादारी व दिवाळखोरी संहितेखाली गेली, तर महाराष्ट्रातील कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालते. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारेही या संहितेच्या कक्षेत आले असून, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. हमीदार दिवाळखोर ठरल्यास, अर्जापूर्वीच्या २ वर्षांत त्याने विनामोबदला दिलेली मालमत्ता परत मागितली जाऊ शकते. एकल मालकीच्या पेढीचा मालक नादार झाला, तर सांगलीसारख्या जिल्ह्यात १९२० च्या प्रांतीय नादारी अधिनियमानुसार जिल्हा न्यायालय हे प्रकरण ऐकते. मुंबई शहरासाठी १९०९ चा स्वतंत्र कायदा असून तेथे हा अधिकार उच्च न्यायालयाला आहे.

आयकर खात्याच्या बाबतीत मात्र न्यायालयाच्या प्रश्नाने करदात्यालाही संरक्षण दिले आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २८१ कर चुकविण्यासाठी झालेली काही हस्तांतरणे निरर्थक मानत असे. नागपूरच्या कर वसुली अधिकाऱ्याने या कलमाखाली एक हस्तांतरण स्वतःच निरर्थक ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचाच निष्कर्ष उचलून धरला. मालमत्ता कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या नात्याने आहे, एवढेच अधिकारी पाहू शकतो. हस्तांतरण निरर्थक असल्याचे ठरवून हवे असेल, तर खात्याने दिवाणी न्यायालयातच दावा केला पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. मागणारा स्वतःच निवाडा करू शकत नाही, हा नियम सरकारलाही लागू झाला.

दुबई, सिंगापूर किंवा लंडन येथे व्यवहार असलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कलम ४४-अ अन्वये भारत सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयात थेट बजावणीसाठी दाखल करता येतात. ब्रिटन व सिंगापूर या यादीत पूर्वीपासून आहेत. जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातींचाही समावेश झाला. अमेरिका त्यात नाही. तेथील निकालाच्या आधारे येथे नव्याने दावा करावा लागतो. म्हणून दुबईत झालेले देणे दुबईतच राहते, हा समज आता धोक्याचा आहे. त्या हुकूमनाम्याची बजावणी पुण्यातील सदनिकेवर मागितली गेली, तर सदनिका न्यासाची की ऋणकोची, हा प्रश्न येथील न्यायालयापुढेच उभा राहील.

बाहेरचा धनको नसताना घरातच वाद झाला तर? भावाभावांतील भांडण कोर्टात जाऊ नये म्हणून अनेक न्यासपत्रांत ‘मतभेद झाल्यास लवादाकडे जावे’ असे कलम असते. व्यापारी समाजात पंचांपुढे बसण्याची रीत जुनी असल्याने ते स्वाभाविकही वाटते. परंतु २०१६ साली मुंबईतील एका कौटुंबिक न्यासाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम लाभार्थ्यांना बंधनकारक नसल्याचे ठरवले. लाभार्थ्यांनी न्यासपत्रावर करार म्हणून सही केलेली नसते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. न्यास अधिनियमाने विश्वस्त नेमणे, हटवणे, हिशेब मागणे यांसाठी दिवाणी न्यायालयाची वाट आखून दिली असल्याने खासगी न्यासाचे वाद लवादाकडे सोपवता येत नाहीत. समेट करण्यास अर्थातच कोणाची हरकत नाही. पंचांच्या मध्यस्थीने तडजोड झाली, तर ती न्यायालयात दाखल करून तिला हुकूमनाम्याचे बळ देता येते. मात्र पंचांचा निवाडा लादता येत नाही.

येथे एक भेद स्पष्ट असावा. मंदिर, धर्मशाळा, पांजरपोळ किंवा विद्यार्थी वसतिगृह यांचा न्यास सार्वजनिक असतो. त्याला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो आणि या कायद्याने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे सोपवलेले प्रश्न कलम ८० मुळे दिवाणी न्यायालयात नेता येत नाहीत. कुटुंबाच्या खासगी न्यासाशी धर्मादाय आयुक्तांचा संबंध नाही. एकच व्यक्ती दोन्हीकडे विश्वस्त असली, तरी दोन्हींचे हिशेब, दोन्हींची कर्तव्ये आणि दोन्हींची न्यायालये वेगवेगळी आहेत.

मग कौटुंबिक न्यास करूच नये काय? तसे मुळीच नाही. हस्तांतरणाचा हेतू न्यायालय कागदावरील शब्दांवरून नव्हे, तर परिस्थितीवरून ठरवते. न्यास केला त्या दिवशी देणी किती होती, मागे किती मालमत्ता उरली, धनकोचा तगादा किंवा दावा सुरू होता काय, मालमत्तेचा ताबा आणि भाडे पुढेही न्यासकर्त्याकडेच राहिले काय, विश्वस्त स्वतंत्र विचाराचा होता की केवळ नावापुरता, हे पाहिले जाते. भरभराटीच्या काळात, सर्व देण्यांना पुरेल इतकी मालमत्ता मागे ठेवून, अज्ञान किंवा दिव्यांग अपत्यासाठी केलेला न्यास टिकण्याची शक्यता मोठी असते. बँकेची नोटीस आल्यानंतर घाईघाईने केलेला न्यास सांगलीच्या न्यायालयात टिकत नसेल, तर मुंबईचे नाव लिहिल्याने टिकणार नाही.

कायद्याने स्वतःहून दिलेले एक संरक्षण तर बहुतेक घरांत दुर्लक्षित असते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता अधिनियमाच्या कलम ६ अन्वये, पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या किंवा पत्नी व मुलांच्या लाभासाठी उतरवला आणि तसा उल्लेख विमापत्रात केला, तर ते विमापत्र आपोआप न्यास मानले जाते. त्या रकमेवर पतीच्या धनकोंचा हक्क पोहोचत नाही. विमा धनकोंना फसविण्यासाठीच उतरवला होता असे सिद्ध झाले, तर मात्र धनकोचा हक्क येथेही शाबूत राहतो. हा उल्लेख विमा घेतानाच करावा लागतो, म्हणून नवा विमा घेताना त्याविषयी विचारावे.

स्थावर मालमत्तेचा न्यास करणाऱ्याने न्यासपत्र नोंदणीकृतच करावे. त्याशिवाय तो न्यास कायद्याने उभाच राहत नाही. त्या तारखेचा ताळेबंद, देण्यांची यादी आणि मागे उरलेल्या मालमत्तेचे मूल्यांकन सनदी लेखापालाकडून तयार करून न्यासपत्रासोबत जपून ठेवावे. पुढे १० वर्षांनी प्रश्न उपस्थित झाला, तर तो सांगलीत निघो वा मुंबईत, न्यायाधीश प्रथम हीच कागदपत्रे मागतील.